कवेलूपासून स्लॅबपर्यंत

एके काळी मूल परिसरातील घर म्हणजे मातीच्या भिंती, सागवानी लाकूडकाम आणि वर कवेलूंचे छप्पर. मृग लागण्यापूर्वी दरवर्षी कवेलू फेरावे लागत. पक्क्या बांधकामाचा आधार चुना होता. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आजही त्याची साक्ष देत उभा आहे.

१८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन याने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. १८६७ मध्ये फ्रान्सच्या जोसेफ मोनिए याने लोखंडी जाळीवर सिमेंट थापून केलेल्या कुंड्यांचे पेटंट मिळविले. स्लॅबच्या घराण्यातील एक पूर्वज ही कुंडी होय! भारतात १९१४ साली पोरबंदर येथे सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. पुढे दीर्घकाळ सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होते. हे नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णतः उठले. त्याच दशकात आपल्या जिल्ह्याच्या चुनखडीवर आवारपूर, गडचांदूर येथे मोठे कारखाने उभे राहिले. परवान्याने मिळणारी गोणी दुकानात सहज मिळू लागली.

सिमेंट मुबलक झाले. परंतु स्लॅबचे आयुष्य केवळ सिमेंटने वाढत नाही. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीने टिकाऊपणावर विशेष भर दिला आणि सळईयुक्त काँक्रीटसाठी किमान एम २० हा दर्जा ठरविला. व्यवहारात त्यासाठी एक भाग सिमेंट, दीड भाग रेती व तीन भाग गिट्टी घेतात. पन्नास किलोच्या गोणीस सुमारे २५ ते २७ लिटर पाणी पुरते. रेती ओली असल्यास तेवढे पाणी कमी करावे. माल पसरविणे सोपे जावे म्हणून ओतलेले जादा पाणी उडून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे ठेवते. त्यांतून ओल व हवा सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजून फुगते आणि खालचे काँक्रीट पोपड्यांसारखे निखळते. म्हणून सळईखाली किमान २० मिलिमीटर कव्हर राहील, असे ठोकळे आधीच ठेवावेत. माल ओतताना कामगारांच्या पायांनी सळया दबणार नाहीत, याकडेही लक्ष असावे.

आपल्या भागातील उन्हाळा प्रखर. अशा हवेत स्लॅब किमान दहा दिवस, शक्यतो चौदा दिवस सतत ओला राहिला पाहिजे. रेतीचे वाफे करून पाणी साठविण्याची पद्धत सोपी आणि उत्तम आहे.

कवेलू दरवर्षी आपली आठवण करून देत. चूक पुढच्या वर्षी सुधारता येई. स्लॅबमध्ये ती सोय नाही. एका दिवसाच्या कामाचे फळ पुढच्या पिढीच्या डोक्यावर राहते. म्हणून त्या दिवशी घरधन्याने पाहुण्यांच्या सरबराईत न गुंतता मिश्रणापाशी उभे राहावे, एवढीच नम्र विनंती.