डेबियनची तक्रारवही : एका दोषाचा इतिहास

संगणकप्रणालींच्या इतिहासाची साधने कोणती, असे विचारल्यास आज्ञावली व मार्गदर्शिका यांची नावे प्रथम पुढे येतात. तक्रारींची नोंद मात्र बहुधा उपेक्षित राहते. तिचे मोल डेबियनच्या एका प्रकरणावरून ध्यानी येईल.

स्वयंसेवकांनी चालविलेल्या या मुक्त प्रणालीचा आरंभ इयान मर्डॉक यांनी १९९३ साली केला. १९९७ साली स्वीकारलेल्या सामाजिक करारात, दोष लपविले जाणार नाहीत व तक्रारींची संपूर्ण नोंद सर्वांस सदैव खुली राहील, असे अभिवचन आहे. त्यानुसार प्रत्येक तक्रारीस क्रमांक मिळतो आणि तद्विषयक उत्तरे त्याच क्रमांकाखाली साठत जातात.

एप्रिल २००६ मध्ये ओपनएसएसएल या संकेतलेखनाच्या साधनाविषयी एक तक्रार दाखल झाली. मूल्य न दिलेली स्मृती वापरली जात असल्याचा इशारा व्हॅलग्राइंड हे तपासणीचे साधन देत असे. इशारा खोटा नव्हता. डेबियनमधील जबाबदार स्वयंसेवकाने ओपनएसएसएलच्या कर्त्यांकडे पृच्छा केली; तेथून हरकत आली नाही. दोन ओळी वगळल्या गेल्या, इशारे थांबले, तक्रार मिटली.

तथापि त्यांपैकी एका ओळीतूनच यादृच्छिकतेचा खरा पुरवठा होत होता. तो तुटल्यावर केवळ प्रक्रियेचा क्रमांक तेवढा उरला; त्याच्या शक्यता सामान्यतः ३२,७६८. परिणामी गुप्त किल्ल्या अल्पावधीत मोजून काढता येण्याजोग्या झाल्या. लुसियानो बेल्लो यांना आढळलेला हा दोष १३ मे २००८ रोजी जाहीर झाला. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूलाही त्याची झळ लागली, आणि दुरुस्त आवृत्ती घेऊनही भागेना. जुन्या किल्ल्या टाकून नव्या घडवाव्या लागल्या.

पाहणारे डोळे पुष्कळ असले की दोष फार काळ दडत नाही, असे मत एरिक रेमंड यांनी १९९७ साली मांडले होते. येथे बदललेली आज्ञावली सुमारे २० महिने सर्वांसमोर उघडी होती. खुलेपणा म्हणजे परीक्षण नव्हे, हा या प्रकरणाचा पहिला निष्कर्ष. तक्रार मिटणे व दोष नाहीसा होणे या भिन्न गोष्टी होत, हा दुसरा.

तरीही अभिवचन व्यर्थ गेले असे म्हणता येणार नाही. मूळ तक्रार, पृच्छा व उत्तरे हे अस्सल कागद उपलब्ध असल्यामुळेच येथे कपट नव्हते, अपुरी विचारपूस होती, असा न्याय्य निवाडा करता येतो. नोंद गुप्त असती तर या प्रसंगाचा केवळ प्रवाद उरला असता.