दुकानाची जागा कोणाची?

गिरण्यांचा इतिहास लिहिला जातो, गिरणीमालकांचा तर हमखास लिहिला जातो. पण घरी बसून चांदीचे डूल घडवून विकणाऱ्या बाईची नोंद कोण ठेवतो? गेल्या तीस वर्षांत अशा लाखो छोट्या माणसांनी संकेतस्थळांवर आपली दुकाने मांडली. ती कशी मांडली गेली, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या जागेवर, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

३० एप्रिल १९९३ रोजी जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेने आपल्याकडे जन्मलेले वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र जगाला मोफत खुले केले. परवाना नाही, पागडी नाही. रस्ता सार्वजनिक झाला. आता कोणीही त्यावर स्वतःचे घर बांधावे. परंतु गवंडीकाम येते किती जणांना? संगणकाची भाषा जाणणारे थोडे, आणि दुकानदारांत तर त्याहून थोडे.

ही अडचण ओळखली पॉल ग्रॅहम व रॉबर्ट मॉरिस या दोघांनी. १९९५ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे त्यांनी प्रथम चित्रांच्या दालनांना संकेतस्थळे करून देण्याचा घाट घातला होता. दालनवाल्यांना ती नकोच होती! तेव्हा त्यांनी मोर्चा दुकानदारांकडे वळविला, आणि दुकानदाराने ब्राउझरमधूनच आपले दुकान आपण रचावे अशी सोय केली. तिचे नाव व्हायावेब. लहान दुकानास महिना १०० डॉलर, मोठ्यास ३००. सुरुवातीची कित्येक दुकाने या प्रोग्रामरांनी स्वतः मांडून दिली, आणि त्यातून ते दुकानदारी शिकले. शर्टाचे चित्र लहानच दाखवावयाचे, तर सबंध शर्टापेक्षा जवळून टिपलेली कॉलर बरी. हे शहाणपण पुस्तकातून आलेले नव्हे. १९९८ साली याहूने ही कंपनी विकत घेतली.

येथवर दुकानदार भाडेकरू होता खरा, पण ठरल्या भाड्याचा. पुढे आला तो बाजार.

२००५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एट्सी निघाली. हाताने घडविलेल्या वस्तूंचा हा बाजार होता. एक वस्तू मांडण्यास २० सेंट आणि विक्रीवर साडेतीन टक्के. संकेतस्थळ बांधण्याची कटकट नाही, गिऱ्हाईक आयते दारात. विणकाम करणाऱ्या बाईला याहून काय हवे? त्या काळी ही सोय खरोखर मोलाची होती, हे कबूल केले पाहिजे.

पण २०१५ मध्ये कंपनी शेअरबाजारात उतरली आणि हिशेब बदलला. २०१८ मध्ये दलाली पाच टक्के झाली, तीही टपालखर्चासकट. २०२० पासून बाहेरच्या जाहिरातींची योजना आली. जाहिरातीतून विक्री झाली तर लहान विक्रेत्याचे पंधरा टक्के कापले जात, मात्र त्याला नकार देण्याची मुभा होती. वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक विकणाऱ्याचे बारा टक्के जात, पण त्याला नकाराची मुभाच नाही. म्हणजे धंदा वाढला की स्वातंत्र्य घटले! तारांकित विक्रेता म्हणवून घ्यावयाचे तर बहुतेक सर्व पत्रांना चोवीस तासांत उत्तर द्यावे लागे. आमच्या कारखान्यात मुकादमाला निदान तोंड तरी असते.

२०२१ मध्ये कंपनीचे उत्पन्न सुमारे २३३ कोटी डॉलर झाले. आणि अशा भरभराटीच्या वर्षानंतर दलाली साडेसहा टक्के केल्याचे जाहीर झाले. दीड टक्क्याची वाढ, असे ऐकावयास बरे वाटते. पाचावर दीड म्हणजे तीस टक्के वाढ, हे ज्याने पगाराच्या वाटाघाटी केल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही.

११ एप्रिल २०२२ रोजी वाढ लागू झाली, आणि त्याच दिवशी हजारो विक्रेत्यांनी आठवडाभराचा संप पुकारला. फाटक नाही, भोंगा नाही, घोषणा द्यावयास मैदान नाही. दुकान सुट्टीवर असल्याची पाटी लावावयाची, हाच संप. मी संपांत वावरलेला माणूस. तरी या संपाची अवघड बाजू मला नवीन वाटली. गिरणीत संपकऱ्याची मजुरी बुडते, येथे गिऱ्हाईकही शेजारच्या दुकानात जाते. बाजारात विक्रेते पन्नास लाखांवर. हजारोंनी पाट्या लावल्या तरी गल्ल्या भरलेल्याच दिसणार. त्यातून अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने हे कामगार नव्हेत, स्वतंत्र उद्योजक. म्हणून सामुदायिक सौद्याचा हक्क नाही. स्वतंत्र म्हणावयाचे, आणि दर मात्र दुसऱ्याने ठरवावयाचा!

वाढ मागे घेतली गेली नाही. पण संपातून विक्रेत्यांची एक संघटना जन्मली, इंडी सेलर्स गिल्ड या नावाची. ज्यांनी आपल्या नावाचे संकेतस्थळ बाजूला उभारले होते, गिऱ्हाइकांचे पत्ते परवानगीने आपल्या वहीत टिपले होते, त्यांना त्या आठवड्यात निदान दुसरीकडे दुकान उघडे ठेवता येत होते. बाकीच्यांची पाटी, गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकांनी लिहिलेले चांगले शब्दही त्याच बाजारात राहत होते.