डॉक्टर वुल्फ यांची हस्तविद्या

हात पाहणारा म्हटला कीं, देवळाच्या ओट्यावर बसून विवाहयोग सांगणारा जोशी आपल्या डोळ्यांपुढें येतो. बर्लिनची एक पदवीधर स्त्री-डॉक्टर या मार्गाला लागावी, हें नवलच म्हणावयाचें.

१८९७ सालीं जन्मलेल्या शार्लट वुल्फ बर्लिनच्या मजूरवस्तींत वैद्यकी करीत. यूलियुस श्पीअर यांच्यापाशीं त्या हात पाहण्यास शिकल्या होत्या, पण केवळ जिज्ञासेनें. १९३३ सालीं हिटलरचें राज्य आलें आणि यहुदी म्हणून त्यांची जागा गेली. पुरुषवेषांतील हेर, असा आळ घालून त्यांना भुयारी रेल्वेच्या स्थानकांत पकडण्यांतही आलें. सुदैवानें पहारेकऱ्यानें त्यांना ओळखलें. त्याची बायको त्यांच्याच औषधोपचाराखालीं होती! सुटका होतांच त्यांनीं पॅरिस गाठलें.

तेथें परदेशी पदवीवर वैद्यकीची मुभा नव्हती. जिज्ञासेची विद्या मग पोटाची विद्या झाली. कवि आंद्रे ब्रतों, संगीतकार राव्हेल अशांचे हात त्यांनीं पाहिले. १९३६ सालीं ऑल्डस हक्स्ले यांच्या साहाय्यानें त्या लंडनला गेल्या.

भविष्यकथन मात्र त्यांना रुचलें नाहीं. डॉक्टर जशी जीभ पाहतो, तसा त्या हात पाहूं लागल्या. मनोरुग्णांचे हात तर त्यांनीं तपासलेच, पण लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील वानरांचे पंजेही सोडले नाहींत! हातावरून स्वभाव कळतो, हें त्यांचें मत शास्त्रानें स्वीकारलेलें नाहीं, आणि तें योग्यच झालें. तथापि डाऊन या जन्मजात विकारांत तळहातावर पुष्कळदां एकच आडवी रेषा आढळते, ती मात्र डॉक्टर आजही पाहतात.