न चालणारी घड्याळं

माझ्या कपाटात मातीची तीन जुनी घड्याळं आहेत. एकात नऊ वीस झालेत, दुसऱ्यात पावणेबारा, आणि तिसऱ्याचे काटे असे काढलेत की कुठलीच वेळ नीट होत नाही. ती बिघडलेली नाहीत. ती कधी चाललीच नाहीत, कारण आत यंत्रच नाही. तबकडी, रोमन आकडे, काटे, सगळं कुंचल्यानं रंगवलेलं.

ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडची वस्तू. स्टॅफर्डशायर परगण्यात बर्स्लेम, हॅन्ली, लाँगटन अशी लागून लागून गावं आहेत. खाली कोळसा आणि माती, वर भट्ट्यांचा धूर. तिथे शेकोटीवरच्या फळीसाठी स्वस्त रंगीत मूर्ती बनायच्या. त्या भिंतीला टेकून उभ्या राहणार, म्हणून पाठ सपाट आणि जवळपास कोरी. न दिसणाऱ्या बाजूवर रंग कोण खर्च करणार? अशा मूर्तींच्या मधोमध कधी घड्याळाची तबकडी काढलेली असे, आणि दोन्ही बाजूंना मेंढपाळ जोडपं किंवा घागऱ्यातले स्कॉटिश गडी.

पण खोटं घड्याळ घरात ठेवायचं कशाला? नेहमीचं उत्तर असं, की गरिबाला खरं परवडत नव्हतं. याच मूर्तींचं एक भावंडही होतं. त्यात तबकडीच्या जागी गोल खोबण असायची, रात्री खिशातलं घड्याळ त्यात ठेवायचं. ज्याच्या खिशात घड्याळ नव्हतं, त्याला रंगवलेलं.

हे उत्तर खरं आहे, पण मला ते पुरत नाही. या माणसांच्या आयुष्यात वेळ कमी नव्हती, उलट जास्तच झाली होती. १७६०च्या दशकात जोसाया वेजवुडनं बर्स्लेममधल्या कारखान्यात कामगारांना बोलवायला घंटा लावली. ती इतकी गाजली की त्या जागेला लोक ‘बेल वर्क्स’च म्हणू लागले. कुंभारांना मात्र सोमवारी दांडी मारायची जुनी सवय. तिला ते ‘सेंट मंडे’ म्हणत, म्हणजे सोमवार हाच संत! राहिलेलं काम मग आठवड्याच्या शेवटी रेटायचं. त्यात भरडली जायची ती हाताखालची पोरं.

चार्ल्स शॉ हा त्यातलाच एक. सातव्या वर्षी तो कामाला लागला. ओल्या बश्यांचे साचे उचलायचे, तापलेल्या खोलीत वाळायला ठेवायचे, आणि रिकामा साचा घेऊन पळत परत. दिवसभर हेच. १९०३ साली त्याच्या बालपणाच्या आठवणींचं पुस्तक निघालं. त्याआधी, १८४१ च्या सुमारास, सॅम्युएल स्क्रिव्हन नावाच्या सरकारी अधिकाऱ्यानं या कारखान्यांत फिरून मुलांच्याच तोंडून जबान्या घेतल्या होत्या. तरीही कुंभारकाम कारखाना कायद्याखाली यायला १८६४ उजाडलं.

मूर्तींच्या कारखान्यांतही मुलं होतीच. म्हणून विकणारे या वस्तूंना ‘गोंडस’ म्हणतात तेव्हा मला खटकतं.

तुम्हालाही असं एखादं घ्यावंसं वाटलं, तर आधी ते उलटं करा. जुनी मूर्ती साच्यात हातानं माती दाबून घडवलेली असते, म्हणून वजनदार लागते. तिला भट्टीत हवा जायला बारीकसं भोक असतं. नकली मूर्ती पातळ माती ओतून बनते. ती हलकी, आणि तिचं भोक बहुतेक वेळा मोठं. झिलईवरच्या बारीक चिरांवर भाळू नका, त्या मुद्दाम पाडून रंगवताही येतात. सोनेरी रंग आरशासारखा लखलखत असेल तर वस्तू शतकाच्या शेवटाकडची किंवा त्यानंतरची समजा. बनवणाऱ्याचं नाव शोधू नका, ते क्वचितच सापडतं. लाँगटनच्या सॅम्पसन स्मिथसारखी थोडी नावं कळतात. कुंचला धरणाऱ्यांची तर जवळपास नाहीतच.

पण हात कळतो. माझ्या तिसऱ्या घड्याळात सातपर्यंतचे आकडे ऐसपैस बसलेत. मग जागा संपली असावी, कारण आठपासून बारापर्यंतचे सगळे एका कोपऱ्यात दाटीवाटीनं कोंबलेत. मिनिटकाटा तासकाट्याहून आखूड आहे. ज्यानं किंवा जिनं हे रंगवलं, त्या घरात तरी घड्याळ असेल का?