धुळीआडचा तारकाजन्म : दूर-अवरक्त निरीक्षणांचा इतिहास

ताऱ्यांचा जन्म वायू आणि धूळ यांच्या थंड, दाट मेघांत होतो आणि ज्या धुळीच्या आश्रयाने तो घडतो तीच धूळ त्याला दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीपासून लपवून ठेवते. नवजात आणि वजनदार ताऱ्यांचा जंबुपार प्रकाश शोषून हे धूलिकण तापतात, परंतु निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २० ते ५० अंशांपर्यंतच. त्यामुळे शोषलेली ऊर्जा ते दूर-अवरक्त प्रारणाच्या, म्हणजे मुख्यतः ४० ते ३०० मायक्रॉन तरंगलांबीच्या अदृश्य प्रकाशाच्या रूपाने परत फेकतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). असे वजनदार तारे अल्पायुषी असल्याने हे प्रारण जिथे प्रखर, तिथे तारकानिर्मिती आज चालू आहे असे मानता येते.

विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये सूर्याच्या वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवून अवरक्त प्रारणाचा शोध लावला. तरी दूर-अवरक्त आकाशापर्यंत पोहोचायला पुढे दीड शतकाहून अधिक काळ लागला, कारण वातावरणातील पाण्याची वाफ हे प्रारण जमिनीपर्यंत येऊ देत नाही आणि दुर्बीण स्वतःच्या उष्णतेने त्याच तरंगलांबीत उजळत असते. फ्रँक लो यांनी १९६१ मध्ये द्रव हीलियमने थंड केलेला जर्मेनियमचा संवेदक तयार केला, तेव्हा यातील दुसऱ्या अडचणीवर मात करण्याचा मार्ग दिसू लागला. पहिल्या अडचणीवर उपाय एकच होता, तो म्हणजे उंची गाठणे. अमेरिकेच्या कायपर विमान-वेधशाळेने सुमारे साडेबारा किलोमीटर उंचीवरून दोन दशके निरीक्षणे केली, तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांतून त्याहून कितीतरी उंच नेऊन आपल्याच आकाशगंगेतील तारकाजन्माच्या प्रदेशांचे नकाशे तयार केले. मोठ्या वेधशाळांच्या इतिहासात या कामाला मिळते त्याहून मोठे स्थान त्याला मिळायला हवे.

खरी कलाटणी २५ जानेवारी १९८३ रोजी मिळाली. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून सोडलेल्या आयरास उपग्रहाचा आरसा अवघ्या ५७ सेंटिमीटरचा होता आणि त्याचा हीलियम दहा महिन्यांत संपला. परंतु तेवढ्या काळात त्याने जवळजवळ संपूर्ण आकाश १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉनमध्ये पाहून घेतले. देवयानी दीर्घिकेत तारकानिर्मितीचे एक विशाल कडे तळपताना दिसले, आणि आर्प २२० ही दृश्य प्रकाशात सामान्य भासणारी दीर्घिका अवरक्तात एक लाख कोटी सूर्यांहून तेजस्वी असल्याचे उघड झाले.

पुढचा प्रश्न मोजमापाचा होता. रॉबर्ट केनिकट यांनी १९९८ मध्ये रूढ केलेल्या सूत्रानुसार, धुळीने भरलेल्या दीर्घिकेचे अवरक्त तेज एक हजार कोटी सूर्यांएवढे असेल, तर तिथे दरवर्षी साधारण पावणेदोन सूर्यांच्या वस्तुमानाएवढे तारे जन्मतात. हे सूत्र सोयीचे असले तरी ते सरसकट लावणे धोक्याचे आहे, कारण देवयानीसारख्या शांत दीर्घिकेत म्हातारे तारेही धूळ तापवतात आणि त्यामुळे आकडा फुगतो, तर धूळ कमी असलेल्या बटू दीर्घिकांत बराचसा प्रकाश न शोषला जाता निसटतो आणि आकडा घटतो. म्हणून २००३ च्या स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांनंतर, धुळीने शोषलेला आणि न शोषलेला असा दोन्ही प्रकाश एकत्र मोजण्याची पद्धत पुढे आली, आणि तीच अधिक विश्वसनीय आहे.

हर्शेल यांचेच नाव दिलेल्या, साडेतीन मीटर आरशाच्या युरोपीय अवकाश दुर्बिणीने २००९ ते २०१३ या काळात जवळच्या दीर्घिकांमधील थंड धूळ आजवरच्या सर्वाधिक बारकाईने टिपली. तिचा हीलियम २९ एप्रिल २०१३ रोजी संपला, आणि सोफिया ही विमान-वेधशाळाही सप्टेंबर २०२२ मध्ये थांबली. हर्शेलच्या जोडीची नवी अवकाश दुर्बीण अद्याप उडालेली नाही, त्यामुळे जवळच्या दीर्घिकांच्या दूर-अवरक्त अभ्यासाचा मुख्य आधार आजही हर्शेलने जमवलेला निरीक्षणसंग्रहच आहे.