पाळक आणि मदतनीस : मराठी मिशनांतील एका पदसंबंधाचा इतिहास

वरिष्ठ धर्मगुरूने आपल्या हाताखालील सेवकाकडून काय अपेक्षावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा वाटतो. परंतु महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासात तो अधिकाराचा आणि वेतनाचा प्रश्न ठरला, असे दिसून येते.

पोर्तुगीज अमलाखालील ट्रॉम्बे-साष्टीपासून गोव्यापर्यंत रोमन कॅथलिक पदांची उतरंड चर्चच्या कायद्याने निश्चित झालेली होती. गोव्यात मुख्य पाद्री तो 'विगार' आणि त्याचा साहाय्यक तो 'कूर'. हे दोन्ही शब्द पोर्तुगीजातून आले. दोघेही दीक्षित धर्मगुरूच; भेद कामाच्या वाटणीचा होता.

1813 साली मुंबईत व 1831 साली अहमदनगरात स्थिर झालेल्या अमेरिकन मराठी मिशनची स्थिती निराळी होती. तेथील इंग्रजी अहवालांत एतद्देशीय सेवकास 'नेटिव्ह असिस्टंट' म्हटलेले आढळते. गावोगाव फिरून उपदेश करणे, शाळा चालविणे, नवख्रिस्त्यांना शिकविणे आणि मिशनरीला कामाची माहिती देणे, ही त्याची कर्तव्ये. म्हणजे भाषा त्याची, पायपीट त्याची, निर्णय मात्र परक्याचा. 'मदतनीस' या शब्दात हे सारे सामावले आहे.

याउलट 'पाळक' हा शब्द कळपाशी नाते सांगतो, वरिष्ठाशी नव्हे. 1854 साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना अहमदनगरात दीक्षा मिळाली, तेव्हा मदतनिसाचा पाळक झाला. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन त्याच सुमारास हिंदुस्थानच्या दौऱ्यावर होते. स्थानिक मंडळीला स्थानिक पाळक असावा आणि त्याचा निर्वाह शक्यतो तिनेच करावा, हा त्यांचा आग्रह. तत्त्व निर्विवाद होते. पण मंडळ्या दरिद्री होत्या. त्यामुळे अधिकार मंडळीचा व पगार मिशनचा, अशी अडचणीची अवस्था दीर्घकाळ टिकली. जो वेतन देतो त्याची अपेक्षा आज्ञापालनाची असणार, हे ओघानेच आले.

या विसंगतीचा स्पष्ट निर्देश नारायण वामन टिळकांच्या चरित्रात होतो. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला तो तुकारामजी नथूजी या एतद्देशीय पाळकाच्या हातून. 1904 साली त्यांना स्वतःला दीक्षा मिळाली. अध्यापन, काव्य व 'ज्ञानोदया'चे संपादन या मार्गांनी त्यांनी मिशनची सेवा केली. तथापि 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला व 'देवाचा दरबार' स्थापन केला. मिशनरींशी वैर हे त्याचे कारण नव्हे. त्यांच्याशी स्नेह त्यांनी राखला. पगारी सेवकाचे बोल आपल्या लोकांना परके वाटतात, ही जाणीव त्यामागे होती. 1919 साली ते निवर्तले.

सारांश, साहाय्यकाकडून निष्ठा अपेक्षिणे गैर नव्हते. निष्ठा कोणाप्रत, वरिष्ठाप्रत की मंडळीप्रत, हे न ठरविणे हाच खरा दोष होता. 'मदतनीस' ते 'पाळक' हा शब्दबदल एका दीक्षाविधीने झाला. त्यामागील संबंध बदलण्यास मात्र दोन पिढ्या लागल्या.