मुंबईची ३९ मिनिटे

१ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असणारी प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. त्यामुळे शहरातली घड्याळे एकाएकी ३९ मिनिटे पुढे सरकवावी लागणार होती. त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीतील कामगारांनी याविरुद्ध निदर्शने केली. त्यांची तक्रार तात्त्विक नव्हती. भोंगा सूर्याच्या मानाने ३९ मिनिटे अगोदर होणार, म्हणजे तितकी झोप गेली! महापालिकेनेही नवी वेळ नाकारली, आणि 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत टिकून राहिली. रेल्वेचे घड्याळ एक सांगे, पालिकेचे दुसरेच.

हा प्रसंग बहुधा परकी सत्तेविरुद्धच्या लढ्याचे उपकथानक म्हणून सांगितला जातो. ते खोटे नाही. आम्हाला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. 'आपली' म्हणून जपलेली ही वेळ तरी कोठली? ती कुलाब्याच्या वेधशाळेची. गणिताने सरासरी काढलेली, प्रत्यक्ष सूर्याची नव्हेच. घटिकापात्राची गणना त्या त्या गावच्या सूर्योदयापासून सुरू होई, आणि सूर्योदय ऋतूगणिक मागेपुढे होई. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली आणि १८७८ साली राजाबाई टॉवर उभा राहिला, तेव्हाच ती गणना शहराच्या व्यवहारातून मागे हटू लागली होती. १९०६ साली भांडण झाले ते एका यंत्रवेळेचे दुसऱ्या यंत्रवेळेशी. '३९ मिनिटे' हा हिशेब ज्याला मांडता येतो, त्याने घड्याळाचे राज्य आधीच मान्य केलेले असते. विरोधही तो त्याच भाषेत करतो. आधुनिक विवेकाचे खरे सामर्थ्य आम्हाला सरकारी आज्ञेपेक्षा या ठिकाणी अधिक जाणवते.

भाषेने याच्या खुणा जपल्या आहेत. 'किती वाजले?' या प्रश्नात टोल्याचा नाद आहे, 'घड्याळा'च्या पोटात घटी आहे. पण 'घटकाभर बसा' म्हणणाऱ्याच्या मनात आता २४ मिनिटे नसतात. आणि गाईंच्या खुरांनी उडणाऱ्या धुळीवरून ज्याला नाव मिळाले, त्या गोरज मुहूर्तापुढेही लग्नपत्रिकेत 'सायंकाळी ६ वाजून ४२ मिनिटांनी' असे छापलेले असते.